तीन झोके आणि एक थांबा

घरी आणल्यापासून चौदा महिन्यांची होईपर्यंत रेणू एकदाही रडली नव्हती.

सुरुवातीला हे मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई!" मग दृष्ट लागेल म्हणून सांगणं कमी केलं. आणि एक दिवस डॉक्टर पेंढारकरांनी विचारलं, "शेवटची कधी रडली ही?" तर मला आठवेना.

डॉक्टरांनी तिच्या हातातला खुळखुळा काढून घेतला आणि टेबलाखाली धरला. रेणूचा हात तसाच उघडा राहिला. ती डॉक्टरांकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. समोरच्या भिंतीकडे बघत बसली, लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"किती शहाणी आहे," मी म्हटलं.

"शहाणी नाही, वाट बघतेय," डॉक्टर म्हणाल्या. "या वयाचं मूल हिसकावतं, ओरडतं, निदान आईच्या तोंडाकडे तरी बघतं. हिला मागताच येत नाही. चाहूल आहे ना घरी?"

"हो."

"कधीपासून?"

"बाराव्या दिवसापासून. बारशालाच घेतली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कानाला काही नाही, मेंदूला काही नाही. सगळे रिपोर्ट चांगले आहेत. पण मागायची वेळच आली नाही तर मूल हाक मारायला कशाला शिकेल? पुढचे तीन-चार महिने महत्त्वाचे आहेत, केतकी. ही वेळ गेली तर मग फार जड जातं. तिला जरा गरज पडू दे."

मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी पर्समधून रुमाल काढला आणि कशासाठी काढला ते न कळून परत ठेवला. खाली आले तर रिक्षा उभीच होती. मी बोलावली नव्हती. चाहूलने बोलावली होती.

चाहूल नसलेलं घर आता सापडणं अवघड आहे, पण ज्यांच्याकडे लहान मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळाच्या पायात एक मऊ वाळा असतो. तो नाडीचे ठोके, कातडीचं तापमान, घाम, हातापायांची वळवळ मोजतो. दुसरा पट्टा सांभाळणाऱ्याच्या मनगटावर असतो. त्याला हाताची हालचाल कळते. हात कधी उचलला, किती जोरात, कुठल्या बाजूला, किती वेळ. पहिले चाळीस दिवस यंत्र काहीच करत नाही, नुसतं बघतं. बाळाच्या अंगात अमुक बदल झाला आणि त्यानंतर हाताने तमुक केलं, अशा हजारो जोड्या ते जमवतं. चाळीस दिवसांनी हात काय करणार ते त्याला हात उचलायच्या आधी सांगता येतं, साधारण अकरा मिनिटं आधी. मग पाळण्याची मोटर, दुधाची बाटली गरम करणारं भांडं, न्हाणीघरातला नळ, पंखा हे सगळं ते स्वतःच चालवतं. जे त्याला करता येत नाही ते आपल्या कानात सांगतं. "केतकी, उचल. डाव्या खांद्यावर."

मी संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी केलं आहे. त्यामुळे एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. भूक मोजता येत नाही. भीतीही नाही. मोजता येतो तो हात. म्हणजे बाळाला काय हवंय हे चाहूल शिकलीच नव्हती. तो हात पुढे काय करेल एवढंच ती शिकली होती. कुणाचा हात, हे मी कधी विचारलं नाही.

रेणू मोठी झाली तशी चाहूल सगळ्या घरात पसरली. दूध संपायच्या आधी दूध यायचं. मला भूक लागायच्या आधी कुकर लागायचा. पुढच्या आवृत्तीत माझ्या पट्ट्यालाही नाडी कळू लागली, मग माझंही सगळं आधीच व्हायला लागलं. अभिराम, माझा नवरा, सातपूरला कारखान्यात आहे. तो म्हणायचा, "घर चाहूलचं. आपण पोटभाडेकरू."

काही गोष्टी जरा विचित्र होत्या, पण चालून जायच्या. अंघोळीची बादली पाऊण भरली की नळ बंद व्हायचा, पुढे काही केल्या भरायचा नाही. रेणूची अंघोळ बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी, त्यात बदल नाही. किराण्यात दर महिन्याला बाळंतशेपा यायची. मी चौदा महिन्यांची बाळंतीण होते. डब्यात शेपा साठत चालली होती.

माझी आई गेली तेव्हा रेणू सात महिन्यांची होती. मनमाडला, सकाळी, पाणी भरता भरता. अण्णांचा फोन अभिरामला आला. तो बेडरूममधून बाहेर आला, मला सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या कानात आवाज आला, "केतकी, खाली बस." मी बसले. मग त्याने सांगितलं.

त्यानंतर चाहूलने माझी फार काळजी घेतली. आईचे फोटो समोर येईनासे झाले. मावशीचे, मामीचे फोन एका दिवशी एकच, तेही माझं जेवण झाल्यावर. छातीत जरा काही दाटायला लागलं की स्वयंपाकघरात चहाचं पाणी उकळायला लागायचं आणि मी उठायचे. सात महिने असे गेले. मी रडले नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेत फिटर होते. चालू मशीनला कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. आई गेल्यापासून ते आमच्याकडे फारसे येत नव्हते. डॉक्टरांकडे जाऊन आल्यानंतरच्या गुरुवारी अचानक आले. येताना रेणूसाठी लाकडी बैलगाडी आणली होती.

दुपारी रेणू पाळण्यात झोपली. पाळणा तिला आता लहान पडतो, पाय कठड्याला टेकतात. अण्णा शेजारी खुर्ची घेऊन पेपर वाचत बसले होते. पान उलटता उलटता थांबले.

"पाळणा अडकतोय गं हा."

"पहिल्यापासून तसाच आहे."

"पहिल्यापासून म्हणजे? वॉरंटीत बदलून नाही का घ्यायचा? ऐक. एक, दोन, तीन. अन् बघ. दम खाल्ला की नाही? परत तीन. परत दम."

"असू द्या ना, अण्णा. ती झोपते ना नीट."

"असू द्या काय! तुमच्या असल्या असू द्यानेच इंजिनं बसतात. स्क्रूड्रायव्हर आहे का घरात? का तोही तुमची ती बाई आधीच आणून ठेवते?"

रेणू उठल्यावर त्यांनी जमिनीवर पेपर अंथरला, पाळणा खोलला. स्क्रू एका वाटीत, वॉशर दुसऱ्या वाटीत. बेअरिंग बोटावर फिरवून पाहिलं. चष्मा वर करून पाहिलं. "लोण्यासारखं आहे," म्हणाले आणि त्यांना ते आवडलं नाही. पुन्हा सगळं जोडलं. मोटर न लावता हाताने झोका दिला. पाळणा सरळ, एकसारखा हलत राहिला. मग पिन लावली. तीन झोके, आणि थांबा.

"अडकत नाहीये हा," अण्णा हळू म्हणाले. "थांबतोय."

ते खुर्चीत बसले. त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, हवेत दोरी ओढल्यासारखा तीनदा मागेपुढे झाला आणि मग कोपरात वाकून थांबला. अण्णांनी आपल्याच हाताकडे बघितलं.

"मंदा आहे ही," ते म्हणाले.

मंदा म्हणजे माझी आई. मी चौथीत असताना ती गच्चीवर गहू वाळत घालताना घसरून पडली होती. कोपर मोडला. अण्णांना कामावर निरोप गेला, पण त्या दिवशी त्यांनी ओव्हरटाइम सोडला नाही. रात्र कळ काढून दुसऱ्या दिवशी प्लास्टर झालं. हाड वाकडंच बसलं. नंतर आईचा तो हात कधी पूर्ण सरळ झाला नाही. पोळ्या लाटताना, झाडताना, कपडे पिळताना ती तीनदा जोर लावायची आणि कोपर सैल सोडायला थोडी थांबायची. आम्हाला त्याची इतकी सवय होती की ते दिसायचंच नाही.

"पट्टा कोणाच्या हातात होता आपल्याकडे?" अण्णांनी विचारलं.

पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना मी खाटेवर. अंगावर सूज, मनगटाला पट्टा रुतायचा. आई म्हणाली होती, "आण इकडे. दिवसभर पोर माझ्याजवळ, अन् पट्टा तुझ्या हातात. त्या यंत्राला दिसणार काय, तू लोळतेस ते?" आणि तिने तो आपल्या हातात चढवला होता, बांगड्यांच्या मागे. तेलमालीश, अंघोळ, शेकशेगडी, धुरी, पाळणा, सगळं त्याच हाताने. मी नाशिकला आले तेव्हा पट्टा माझ्या हातात घातला. शिकणं तोवर संपलं होतं.

मी न्हाणीघरात जाऊन बादली बघितली. पाऊण. आमच्या गल्लीत पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं. आईने आयुष्यात बादली काठोकाठ भरली नाही. आणि नऊ दहाला अण्णांची अंघोळ-पूजा उरकून बंब मोकळा व्हायचा.

वर्षभर "केतकी, डाव्या खांद्यावर" ऐकून मी बाळाला डाव्या खांद्यावर घेत होते. मला वाटायचं, विज्ञान सांगतंय.

सोमवारी कंपनीचं पत्र आलं. प्रशिक्षणकाळातील सांभाळकर्ता आणि नोंदणी केलेला सांभाळकर्ता वेगळे असल्याचे आढळले आहे, बाळाच्या वाढीच्या दृष्टीने पुनर्प्रशिक्षण करावे, रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत पर्याय निवडावा. मी फोन लावला. स्नेहल नावाची मुलगी बोलली. आवाजावरून अजून कॉलेजात असावी.

"मॅडम, तुम्ही एकट्या नाही हं. हजारो घरांत असंच झालंय. सगळीकडे आज्या!" तिला हसू आवरेना. "आमच्या टीमला आधी वाटायचं, इथल्या पहिलटकरणी इतक्या तयारीच्या कशा? एकीचाही हात चुकत नाही."

ज्यांनी यंत्र बनवलं त्यांच्या गणितात चाळीस दिवसांत अंदाजातली चूक पुरेशी कमी होत होती. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीने खाली पाय ठेवायचा नाही. एवढीच गोष्ट. कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"पण बिघडतं काय त्याने?" मी विचारलं.

"तो हात चाळीस दिवसांच्या बाळाला सांभाळणारा आहे ना, मॅडम. त्याला बाळ मोठं झालेलं माहीतच नाही. हू की चू करायच्या आत उचलणार."

"जुनं ठेवून त्यावर नवीन नाही शिकवता येणार?"

"नाही ना. दोन हात एकत्र केले की सरासरी निघते. सरासरी हात कुणाचाच नसतो. बाळं दचकतात."

"मग चाहूल नुसती बंद ठेवते. पुसायला नको."

"वाळ्याकडून नोंदी येणं बंद झालं की पंधरा दिवसांत आधीचं शिकलेलं विरून जातं, मॅडम. ते टिकवायला बाळ लागतं."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात पाणी उकळायला लागलं होतं.

त्या आठवड्यात अण्णा रोज आले. सकाळच्या गाडीने यायचे, पाळण्याजवळ बसायचे, संध्याकाळी जायचे. रेणू झोपलेली असो वा नसो. पेपर आणायचे पण उघडायचे नाहीत. एकदा मी चहा घेऊन गेले तर ते पाळण्याला सांगत होते की शेजारच्या कदमांनी घराला हिरवा रंग दिला, अगदी पोपटासारखा दिसतो. थांब्याच्या जागी तेही थांबायचे, जणू उत्तराला जागा ठेवत होते.

अभिराम माझ्याशी ओट्यापाशी हळू आवाजात बोलायचा. "केतकी, मला अण्णांचं कळतं. पण डॉक्टर काय म्हणाल्या? तीन-चार महिने. त्यातले आठ दिवस गेले."

"तू सांग त्यांना."

"मी? जावई माणूस मी काय सांगणार? तुमच्या बायकोला पुसतो म्हणून?"

"हळू बोल."

"हळूच बोलतोय. तुला काय वाटतं ते तरी बोल ना. आठ दिवस तुझ्या तोंडावरची रेष हललेली नाही."

मला काय वाटतं ते मी शोधत होते. एका हाताला रेणू होती, तिची उघडी मूठ आणि भिंतीकडे लागलेले डोळे. दुसऱ्या हाताला आई. सात महिन्यांपूर्वी तिला पोचवलं तेव्हा मी काही करू शकत नव्हते. आता एक बटण माझ्याकडे होतं. मध्ये मी उभी होते आणि मला माझे दोन्ही हात जाणवत नव्हते, बधिर इंजेक्शन दिल्यावर जीभ आपली वाटत नाही तसे.

शनिवारी दुपारी रेणू गॅलरीच्या उंबऱ्यावरून पडली. चाहूलने कानात सांगितलं होतं, "उचल." पण माझे हात पिठाचे होते. मी पोचेपर्यंत ती तोंडावर आपटली. ओठ फुटला, रक्त आलं. मी गुडघ्यांवर बसून हात पसरले. "ये गं, ये माझ्याकडे."

तिने तोंड उघडलं पण आवाज काढला नाही. रांगत माझ्याकडे आली. माझ्या गुडघ्याला वळसा घालून पुढे गेली. हॉल ओलांडून पाळण्यापाशी गेली, कठड्याला धरून उभी राहिली आणि फुटलेला ओठ लाकडाला टेकवून वाट बघू लागली. पाळणा हलायला लागला. तीन झोके आणि एक थांबा.

अण्णा खुर्चीतच होते. त्यांनी माझे पसरलेले हात बघितले. मीही बघितले. पिठावर रेणूच्या रक्ताचा थेंबही लागला नव्हता.

रविवारी अण्णा साडेतीनलाच उठले. चपला घातल्या. मी म्हटलं, "पाच वाजता आहे, अण्णा. तोवर बसा."

"नको," ते म्हणाले. "एकदा पोचवलंय मी तिला. दुसऱ्यांदा नाही जमायचं." दारात थांबून पाळण्याकडे बघितलं. "हाताला फार दुखायचं गं तिच्या थंडीत. बोलायची नाही." मग अभिरामला म्हणाले, "स्टॅंडपर्यंत सोडू नका. मी जाईन चालत."

पाचला पाच मिनिटं कमी असताना मी बटण दाबलं. अभिरामने रेणूला घेतलं होतं. पाळणा दुसऱ्या झोक्यात होता, तिथेच मंदावत गेला. कानातला आवाज म्हणाला, "प्रशिक्षण सुरू. दिवस पहिला." पुढे चाळीस दिवस तो बोलणार नव्हता.

पहिल्या दिवसापासून सगळ्याची वेळ चुकली. दूध उतू गेलं, भात लागला. बालवाडीची चौकशी करायला खाली गेले तर रिक्षाच नाही, आणि हात कसा करायचा ते मला दोन मिनिटं सुचेना. नऊ दहाला रेणू न्हाणीघराच्या दाराशी जाऊन बसायची. नळ चालू व्हायचा नाही. ती मूठ उघडी ठेवून बसायची आणि मी तिच्यामागे उभी राहून तिला काय हवंय ते तिच्या मानेवरून ओळखायला बघायचे. ओळखू यायचं नाही. मी आई होते आणि मला काहीच येत नव्हतं. आईने मला खाटेवर झोपवून ठेवलं होतं, मग यंत्राने उभ्या उभ्या झोपवलं होतं.

तिसऱ्या दिवशी आवाज आला. कुठून येतोय ते मला कळेना. मी आधी कुकर बघितला. मग दार उघडून जिन्यात बघितलं. शेवटी हॉलमध्ये आले तर रेणू पाळण्यासमोर उभी राहून रडत होती, लाल होऊन, पाळण्याला. मी उचललं तर लाथा मारून खाली उतरली आणि पुन्हा पाळण्याला रडू लागली. शेजारच्या गवारेकाकू धावत आल्या. "अगंबाई, ही रेणू? मला वाटलं कुणी पाहुणं आलंय!"

बाराव्या दिवशी मी अंघोळीचं पाणी सोडलं आणि टॉवेल आणायला गेले. आले तर बादली भरून वाहत होती. काठोकाठ, आणि वरून चारी बाजूंनी. नळ बंद करायला कुणी नव्हतं. मी स्टुलावर बसले आणि वाहून जाणारं पाणी बघत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. तोंड ओलं झालं तेव्हा कळलं, मी रडतेय. मी थोडी थांबले, सवयीने कान दिला. स्वयंपाकघरात काही उकळलं नाही. मग मी नीट रडले.

एकोणिसाव्या दिवशी रेणू रडता रडता माझ्या तोंडाकडे बघू लागली. नुसतं एक क्षण, पण बघितलं. अठ्ठाविसाव्या दिवशी माझ्या कुर्त्याचं टोक ओढलं. तिसाव्याला कळलं की भुकेचं रडणं खालून वर चढतं आणि झोपेचं वरून सुरू होतं. हे मला कुणी सांगितलं नाही. डॉक्टर पेंढारकरांना फोन केला तर म्हणाल्या, "चुकतेस का? उशीर होतो का? छान. होऊ दे." पाळणा मी हातानेच हलवत होते, दुपारी तासभर, खुर्चीत बसून. हात भरून यायचा.

अण्णांचा फोन आला नाही. मी केला की उचलायचे. "बरी आहे का पोरगी?" एवढं विचारून ठेवायचे.

चाळिसाव्या दिवशी, एका गुरुवारी, ते आले. काही न कळवता. हातात पेपर. अभिराम घरीच होता, त्याने खुर्ची पुढे केली. अण्णांनी ती पाळण्यापासून लांब ओढून घेतली आणि बसले. रेणू पाळण्यात झोपली होती. शेवटचेच दिवस, पुढच्या महिन्यात तिला पलंगावर झोपवायचं ठरलं होतं.

पावणेचारला कानात आवाज आला. "प्रशिक्षण पूर्ण. अकरा मिनिटांनी रेणू उठेल. पाळणा सुरू करत आहे."

पाळणा हलला. एक, दोन, तीन. आणि थांबला.

अण्णांचा पेपर खाली गेला. माझ्या हातातली बशी मी ओट्यावर ठेवली.

"पुसलं नाहीस?" अण्णा म्हणाले.

"पुसलं, अण्णा. माझ्या हाताने पुसलं. अभिरामला विचारा."

"पुसलं," अभिराम म्हणाला. "मी होतो."

माझा कोपर कधी मोडला नव्हता. मी हात पुढे करून बघितला, तो सरळ झाला. चाळीस दिवस मी काय करत होते ते मला दिसलं नव्हतं, यंत्राने मात्र मोजलं होतं. वर्षभर मी त्या पाळण्याच्या तालावर या घरात चालले, पोळ्या लाटल्या, मुलीला थोपटलं. तो माझ्या हातात कधी उतरला, कुणाला ठाऊक.

अण्णा उठले. पाळण्याला कान लावला, पूर्वी मशीनला लावायचे तसा. डोळे मिटले. पाच-सहा फेऱ्या ऐकल्या.

"हा तिचा नाही," ते म्हणाले. "मंदाचा थांबा मोठा होता. तिला दुखायचं ना. हा लहान आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हा तुझा आहे. याला दुखत नाही."

ते बराच वेळ कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "आता?"

मी मनगटावरचा पट्टा काढला. पाळण्याची पिन काढली. रेणूच्या पायातला वाळा सोडवला, ती जरा कुशीवर वळली. तिन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या. पाळणा हळूहळू थांबला.

"आता ती कधी उठेल कसं कळणार?" अभिरामने विचारलं.

"रडेल ना," मी म्हटलं.

आम्ही तिघं बसलो. अण्णांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. मी तिच्या पापण्यांकडे बघत होते. काही हलत नव्हतं. छातीत काहीतरी दाटून आलं आणि ते तिथेच राहिलं, उठून जायला मला कुणी सांगितलं नाही.

चाहूलने अकरा मिनिटं सांगितली होती. नवव्या मिनिटाला रेणूने डोळे उघडले, छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग मान वळवून मला शोधलं आणि ओरडली, "आ!"

मी उठले.